जुळाऱ्याची केस

नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या संगणक-कचेऱ्यांतून आज एक खल चालतो : आज्ञावली रचणारांचीं स्वतःचीं हत्यारें सोपीं कशीं करावीं? गिऱ्हाइकापुढें येणारा पडदा सुबक असतो. मागें राबणाऱ्या कारागिराच्या साधनांकडे क्वचितच कोणी पाहतो. मराठी मुद्रणाला हा प्रश्न शतकापूर्वींच पडला होता.

तेथील कारागीर म्हणजे जुळारी. इंग्रजींत लहान-मोठीं मिळून अक्षरें ५२; देवनागरींत जोडाक्षरें, अर्धीं अक्षरें आणि काना-मात्रा यांपायीं शेंकडों खिळे लागत. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतींत तर शिरोरेषेवरच्या खुणा व पायाखालचे उकार निराळ्या बारीक खिळ्यांनीं बसवावयाचे. वाचकाच्या दृष्टीला ओळ एक, जुळाऱ्याच्या हाताला तीन!

लोकमान्य टिळकांनीं १९०४ सालीं 'केसरी'साठीं खिळे कमी करण्याचें काम हातीं घेतलें. त्यांतून पुढें सिद्ध झालेला १९० खिळ्यांचा संच 'टिळक फाँट' या नांवानें ओळखला गेला. राजकारणाच्या धामधुमींत या पुरुषानें खिळ्यांची मोजदाद करावी, हें विशेषच.

सावरकरांनीं दुसरी वाट धरली. इ, ई, उ हीं अक्षरें टाकून 'अि, अी, अु' लिहावें, असा त्यांचा आग्रह. कांहीं नियतकालिकांनीं तो कांहीं काळ पाळलाही. यांत खिळे वांचत, परंतु जुळाऱ्याची अडचण उचलून वाचकाच्या डोळ्यांत घातली जाई. समाजाला ही सुधारणा पचली नाहीं, यांत नवल नाहीं.

तिसरी वाट संगणकानें दाखविली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं भारतीय लिप्यांसाठीं कळफलक ठरविला. त्याचेंच सुधारलेलें रूप, 'इन्स्क्रिप्ट', १९९१ सालीं भारतीय मानकांत आलें. स्वर डाव्या हातीं, व्यंजनें उजव्या. 'क'च्याच कळीवर शिफ्ट धरून 'ख'. 'कि' लिहितांना उच्चाराप्रमाणें आधीं 'क', मग वेलांटी; ती अलीकडे नेऊन बसविण्याची यातायात यंत्राची. कन्नड वा बंगाली 'क'लाही कळ तीच. लिपी मात्र जशीच्या तशी राहिली.

तरीही ज्यांच्या बोटांत रेमिंग्टन टंकलेखनयंत्राची मांडणी मुरली होती, त्यांना ही सरळ वाट वांकडीच वाटली. त्या मांडणींत वेलांटी दिसते तशी आधीं मारावयाची. पुष्कळ टंकलेखकांनीं हाताची संवय सोडली नाहीं, आणि संगणकांतही रेमिंग्टनची मांडणी ठेवावी लागली.