खिंड, कुरण आणि पास

कॅनडाचा तीन नंबरचा हायवे. ब्रिटिश कोलंबियातून क्रोजनेस्ट खिंडीनं रॉकी पर्वत ओलांडायचा आणि अल्बर्टाच्या प्रेअरीत, म्हणजे त्या अफाट गवताळ मैदानात, उतरायचं. आम्ही हा रस्ता कॅम्परव्हॅननं केला. स्वयंपाक गाडीत, झोप गाडीत, मनाला येईल तिकडे वळायचं. या मोकळेपणाकडे आपल्याला पुढं परत यायचं आहे, तेव्हा तो जरा लक्षात असू द्या.

खिंडीची उंची साधारण १३५० मीटर, रॉकीजच्या मानानं कमीच. १८९८ साली कॅनेडियन पॅसिफिक कंपनीनं इथून रेल्वे नेली आणि पाठोपाठ कोळशाच्या खाणी उघडल्या. त्यातलंच एक गाव फ्रँक. २९ एप्रिल १९०३, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. टर्टल माउंटनचा कडा सुटला आणि दीडएक मिनिटात गावाचा एक भाग गाडला गेला. किमान सत्तर माणसं गेली. खाणीत अडकलेले सतराजण मात्र आतूनच वाट खणत बाहेर आले. हायवे आजही त्या शिळांमधूनच जातो, घराएवढ्या शिळा, दोन्ही बाजूंना. स्थानिक आदिवासी परंपरेत हा 'हलणारा डोंगर' होता, त्याच्या पायथ्याशी ते मुक्काम करत नसत. खाणवाल्यांना हे विचारावंसं वाटलं असेल, असं काही दिसत नाही.

खिंड संपली की वारा सुरू होतो. गाडी अक्षरशः डुलते. आणि मग फोर्ट मॅक्लाउडच्या अलीकडे आडवाटेला तो कडा लागतो, हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप. १९८१पासून जागतिक वारसास्थळ. बफेलो म्हटल्यावर म्हैस डोळ्यांसमोर आणू नका. हा बायसन, आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद. जवळजवळ सहा हजार वर्षं लोकांनी इथं बायसनची शिकार केली, तीही घोडा आणि बंदूक नसताना. कशी, तर मैलोन् मैल दगडांच्या छोट्या राशी रचून वाटा आखलेल्या. काही तरणी पोरं लांडग्याचं किंवा वासराचं कातडं पांघरून कळप हळूहळू त्या वाटांमध्ये आणत. शेवटी मागून आरडाओरडा, कळप उधळला की पुढच्या जनावरांना थांबता येत नाही, आणि समोर कडा. खाली हाडांचा थर दहा मीटरहून खोल आहे! मांस वाळवायचं, कुटायचं, चरबीत मिसळायचं, त्याचं पेमिकन. ते महिनोन् महिने टिकतं. आम्हाला विचाराल तर सगळ्या प्रवासात पाहण्यासारखी हीच जागा. डोंगरांचे फोटो कुठंही मिळतात.

मग हे कळप गेले कुठं? १८७०च्या दशकात बायसनचं कातडं कारखान्यात कमावता येऊ लागलं आणि यंत्रांच्या पट्ट्यांसाठी त्याला प्रचंड मागणी आली. बहुतेक कत्तल सीमेपलीकडे, अमेरिकेत झाली, पण कळपांना सीमा ठाऊक नव्हती. १८७९च्या सुमारास ते कॅनडाच्या बाजूला यायचेच थांबले.

आता तारखांचा क्रम बघा. २२ सप्टेंबर १८७७ला ब्लॅकफुट क्रॉसिंग इथं सातवा तह झाला. ब्लॅकफुट राष्ट्रं, नाकोडा आणि त्सूतिना यांच्याशी. पाचजणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन आणि माणशी वर्षाला पाच डॉलर. शिकारीचा हक्क राहील, असंही त्यात होतं. दोन वर्षांत शिकारच उरली नाही. उपासमार झाली, माणसं सरकारी शिध्यावर आली.

आणि १८८५ साली, मेती आणि क्री लोकांच्या उठावानंतर, पास आला. खिंडीला इंग्रजीत 'पास'च म्हणतात, पण हा पास कागदी. रिझर्व्ह सोडून बाहेर जायचं तर इंडियन एजंटची लेखी परवानगी हवी. कुठं जाणार, कशासाठी, किती दिवस. निवासी शाळेत ठेवलेल्या आपल्याच मुलाला भेटायलासुद्धा! गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, या पासला कायद्याचा आधारच नव्हता. संसदेनं तसा कायदा केला नव्हता आणि वरिष्ठांना ते पक्कं ठाऊक होतं. १८९३मध्ये माउंटेड पोलिसांच्या आयुक्तांनीच, कायदा नाही म्हणून, माणसांना परत पाठवणं थांबवायला सांगितलं. तरी काही ठिकाणी पास पुढं कित्येक दशकं चालला. कारण शिधा एजंटच्या हातात होता. बिनपास गेलात तर शिधा बंद.

आमचा हायवे पिकानी राष्ट्राच्या रिझर्व्हमधूनच जातो. तो पार करायला आम्हाला काही मिनिटं लागली. कुणी अडवलं नाही, काही विचारलं नाही.

२०१७ साली बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात सोळा बायसन परत आणून सोडले. त्याआधी, २०१४ मध्ये, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या राष्ट्रांनी बायसनसाठी आपसांत तह केला होता. १८७७च्या तहाचे पैसे आजही दरवर्षी वाटले जातात, माणशी पाच डॉलर. तेव्हाही पाच होते.