२०१० उजाडलं आणि स्पॅमचा पहारेकरी गोंधळला

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर, ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.

तारीख १ जानेवारी २०१०. घड्याळात बारा वाजून गेलेत आणि लोक एकमेकांना शुभेच्छांचे मेल पाठवतायत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप अजून घरोघरी पोचलं नव्हतं, म्हणून शुभेच्छा एसएमएसवर किंवा ईमेलवर. पण जगभरातल्या असंख्य मेल सर्व्हरवर बसलेला एक पहारेकरी त्या रात्री प्रत्येक नव्या मेलकडे बघून म्हणत होता, "अरेच्चा, याची तारीख तर भविष्यातली आहे! संशयास्पद दिसतंय." आणि तो चांगल्या मेललाही दंड ठोकत होता.

त्या पहारेकऱ्याचं नाव स्पॅमअसॅसिन. आज त्याची गोष्ट.

हा पहारेकरी आला कुठून?

स्पॅमचा इतिहास इंटरनेटपेक्षाही जुना आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना एकाच वेळी जाहिरातीचा मेल पाठवला. लोक भडकले. पुढे १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकी वकील जोडप्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली, आणि धंदा म्हणून स्पॅम करणं सुरू झालं.

२००० च्या आसपास इनबॉक्स उघडणं नकोसं झालं होतं. तेव्हा जस्टिन मेसन हा आयरिश प्रोग्रामर मार्क जेफ्टोविक यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या एका छोट्या फिल्टरमध्ये स्वतःच्या सुधारणा करत होता. शेवटी त्याने सगळा कोड नव्याने लिहिला आणि २० एप्रिल २००१ ला सोर्सफोर्ज या साइटवर टाकला. फुकट, आणि कोणीही उघडून वाचावा, बदलावा असा. २००४ मध्ये हा प्रकल्प अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आला. सीपॅनेलवर चालणाऱ्या स्वस्त वेब होस्टिंगमध्येही तो मिळू लागला. तुम्ही कधी स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन त्यावर ईमेल चालवला असेल, तर याची आणि तुमची गाठ पडली असण्याची बरीच शक्यता आहे.

उलटी गुणपत्रिका

स्पॅमअसॅसिन काम कसं करतो? आपल्या परीक्षेसारखंच, फक्त उलट. इथे जितके मार्क जास्त, तितका मेल वाईट.

त्याच्याकडे शेकडो नियम असतात. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत आहे? थोडे गुण. मेलमधली लिंक बदनाम साइटची आहे? आणखी गुण. काही नियम गुण कमीही करतात. शेवटी बेरीज होते. बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली, तर मेलवर 'स्पॅम' असा शिक्का बसतो. ही ५ ची रेघ मूळ सेटिंगमधली, अ‍ॅडमिन ती बदलू शकतो.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. स्पॅमअसॅसिन स्वतः मेल फेकून देत नाही, तो फक्त शिक्का मारतो. शिक्का बसलेल्या मेलचं काय करायचं ते सर्व्हर चालवणारा ठरवतो. कोणी तो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, कोणी सरळ नष्ट करतो.

आता अपग्रेडबद्दल. या सॉफ्टवेअरचे दोन भाग आहेत. एक इंजिन, म्हणजे पर्ल भाषेत लिहिलेला प्रोग्राम. दुसरा भाग नियमांची यादी. इंजिन दोन-तीन वर्षांत एकदा बदललं तरी चालतं. पण स्पॅम पाठवणारे दर आठवड्याला नवी युक्ती काढतात, त्यामुळे नियम सतत बदलावे लागतात. म्हणून 'एसए-अपडेट' नावाची छोटी आज्ञा आली. ती चालवली की फक्त नियमांची ताजी यादी उतरते, इंजिनला हात लागत नाही. फोनमध्ये अँड्रॉइड तेच ठेवून एखादं अ‍ॅप अपडेट करतो ना, साधारण तसं.

तो एक नियम

स्पॅमवाल्यांची एक जुनी चलाखी होती. इनबॉक्समध्ये सगळ्यात नवा मेल सगळ्यात वर दिसतो. मग मेलवर २०३० सालची तारीख टाकली तर? तो कायम वरच बसेल! त्यावर तोडगा म्हणून नियम आला. नाव जरा बोजड आहे: एफएच डेट पास्ट २०एक्सएक्स. अर्थ सोपा: तारीख भविष्यात फार पुढची आहे.

तारीख पुढची आहे हे ओळखायचं कसं? सर्व्हरच्या घड्याळाशी तुलना करता आली असती. पण नियम लिहिणाऱ्याने सोपी वाट धरली: मजकुरातला नमुना शोधायचा. तारखेच्या ओळीत '२०', मग १ ते ९ पैकी एखादा आकडा, मग कुठलाही एक आकडा असं दिसलं की गुण द्यायचे. म्हणजे २०१० पासून २०९९ पर्यंतचं कुठलंही साल.

२००७ मध्ये हे अगदी बरोबर होतं. तेव्हा २०१० खरंच भविष्यात होतं. २००८ मध्येही बरोबर, २००९ च्या ३१ डिसेंबरलाही बरोबर. आणि मग बारा वाजले.

स्पॅमअसॅसिनच्या ३.२.० ते ३.२.५ या आवृत्त्यांबरोबर आलेला हा नियम सेटिंगनुसार ३.६ पर्यंत गुण देत होता. रेघ कुठे आहे? ५ वर. म्हणजे कुठल्याही निरपराध मेलच्या खात्यावर वाचण्याआधीच साडेतीनच्या आसपास गुण जमा. आता समजा एखाद्या साध्या मेलमध्ये मोठं चित्र होतं, थोडी रंगीबेरंगी सजावट होती, त्याचे दीड-दोन गुण झाले. एरवी तो आरामात आत गेला असता. त्या दिवशी त्याच्यावर शिक्का बसला.

आणखी एक गंमत. मेलवरची तारीख पाठवणाऱ्याच्या घड्याळाची असते. भारतात मध्यरात्र होते तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्यामुळे मुंबईहून बारा वाजून पाच मिनिटांनी लंडनच्या मित्राला गेलेला शुभेच्छांचा मेल त्याच्याकडे ३१ डिसेंबरलाच 'भविष्यातला' ठरू शकत होता. नवीन वर्ष पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेलं, तसतशी ही चूकही सरकत गेली.

चाचणीत हे सापडलं कसं नाही?

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

स्पॅमअसॅसिनमध्ये कुठल्या नियमाला किती गुण हे कोणी मनाने ठरवत नाही. स्वयंसेवक आपल्याकडे आलेल्या मेलचे दोन ढीग करतात: एक स्पॅम आणि दुसरा चांगल्या मेलचा, त्याला तिथे गमतीने 'हॅम' म्हणतात. सगळे नियम या ढिगांवर चालवतात. जो नियम स्पॅम पकडतो आणि हॅमला धक्का लावत नाही, त्याला प्रोग्राम जास्त गुण देतो.

आता विचार करा. ढिगातले सगळे मेल कधीचे? आधी आलेले, म्हणजे भूतकाळातले. त्यात २०१० ची तारीख असलेला एकही खरा मेल असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे परीक्षेत हा नियम पहिला आला. फक्त स्पॅम पकडतोय, एकाही निरपराधाला त्रास नाही, मग द्या भरपूर गुण! गुण देणारी पद्धत चुकली नव्हती. तिच्यासमोर २०१० चा मेल कधी आलाच नव्हता. आज एआयवाले ज्याला ट्रेनिंग डेटाची मर्यादा म्हणतात, तीच ही गोष्ट.

दुरुस्ती होती, पण पोचली नव्हती

आणि आता खरी चुटपुट. ही चूक १ जानेवारीच्या आधीच लक्षात आली होती. पुढच्या आवृत्तीचं काम जिथे चालू होतं, त्या कोडमध्ये ती दुरुस्तही झाली होती. पण लोक जी ३.२ ची मालिका प्रत्यक्ष वापरत होते, तिच्या नियमांच्या अपडेटमध्ये ती दुरुस्ती कोणी टाकलीच नव्हती. म्हणजे औषध कपाटात तयार, आणि रुग्ण शेजारच्या खोलीत!

गोंधळ उघड झाल्यावर प्रकल्पातल्या लोकांनी त्याच दिवशी हालचाल केली. सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी काम करणारे हे लोक. त्यांनी नवे नियम पाठवले आणि दोन उपाय सांगितले. एक, एसए-अपडेट चालवा. दोन, ते जमत नसेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहा आणि या नियमाचे गुण शून्य करा.

काम एका ओळीचं होतं. पण ती ओळ लिहायला कोणीतरी हवं ना? ज्यांच्या सर्व्हरवर अपडेट रोज आपोआप चालत होतं, ते लवकर सुटले. पण डेबियन लिनक्सच्या पॅकेजमध्ये हे रोजचं अपडेट मुळात बंद ठेवलेलं असायचं, अ‍ॅडमिनने आठवणीने सुरू करावं लागायचं. ज्यांनी 'एकदा बसवलं, चालतंय ना, मग हात लावू नका' असं धोरण ठेवलं होतं, त्यांचा पहारेकरी चुकीचे शिक्के मारत राहिला. आणि ज्याचा मेल अडकला त्याला ते कळणार कसं? न आलेल्या मेलची नोटिफिकेशन येत नाही.

विकासाच्या कोडमधली ती दुरुस्ती तरी काय होती? '१ ते ९' च्या जागी '२ ते ९'. म्हणजे तोच खड्डा दहा वर्षं पुढे सरकवला. २०२० येण्याआधी तो नियम पुन्हा बघणं भाग होतं.

हे दुखणं एकट्या स्पॅमअसॅसिनचं नव्हतं. त्याच आठवड्यात जर्मनीत सुमारे ३ कोटी बँक कार्डं अडखळली, कारण त्यांच्या चिपला २०१० हे साल नीट वाचता येईना. वायटूकेची धामधूम दहा वर्षांपूर्वी होऊन गेली होती, म्हणून सगळे निर्धास्त होते.

अपडेट करायचं, पण विश्वास कोणावर?

पुढे एक वेगळं वळण आलं. नियमांची यादी इंटरनेटवरून उतरते, मग मधल्यामध्ये कोणी ती बदलली नाही हे कशावरून? त्यासाठी यादीबरोबर एक गणिती ठसा येतो. हा ठसा एसएचए-१ या पद्धतीचा होता. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन वेगळ्या फाइलींचा एसएचए-१ ठसा एकसारखा करता येतो. ठशावरचा भरवसा उडाला.

मग स्पॅमअसॅसिनच्या सप्टेंबर २०१८ मधल्या ३.४.२ आवृत्तीत जास्त मजबूत ठसे आले आणि तारीख जाहीर झाली: १ मार्च २०२० पासून जुन्या ठशाचे नियम बंद. ज्यांचं इंजिन त्याहून जुनं, त्यांना यापुढे नवे नियम नाहीत. इतकी वर्षं 'इंजिन राहू द्या, नियम बदला' हे चालून गेलं होतं. आता इंजिनही बदलणं आलं.

डिसेंबर २०२२ मध्ये ४.० आवृत्ती आली. तिचा मोठा भर इंग्रजीपलीकडच्या लिप्या नीट हाताळण्यावर होता. हे आपल्या कामाचं आहे. या सॉफ्टवेअरला भाषा ओळखणारं एक जोडकाम आहे, आणि त्याच्या यादीत मराठीही आहे, 'एमआर' या खुणेने. पण अ‍ॅडमिनने ते सुरू करून चालणाऱ्या भाषांत फक्त इंग्रजी लिहिली, तर तुमचा शुद्ध मराठीतला अर्ज केवळ भाषेमुळे दंडाचे गुण घेऊन बसेल. तुम्ही कॉलेजचा, संस्थेचा किंवा घरच्या दुकानाचा सर्व्हर सांभाळत असाल, तर ही ओळ एकदा तपासाच.

आणि सर्व्हर सांभाळत नसाल, तरी एक काम आहे. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मेलचा स्पॅम फोल्डर आज उघडा. मुलाखतीचं बोलावणं, प्रवेशाचं पत्र, कोणाची तरी जुनी ओळख, काहीही तिथे पडलेलं असू शकतं. चांगला मेल सापडला तर 'स्पॅम नाही' हे बटण दाबा. आपले दोन ढीग वेगळे करणारे ते स्वयंसेवक आठवतायत ना? बटण दाबून तुम्हीही तुमच्या मेल सेवेसाठी तेच काम करता.

तुमच्या स्पॅममध्ये काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!