चार्जच्या यादीत नसलेली किल्ली

२००५ साली आमचे मोठे लेखापाल निवृत्त झाले. चार्जच्या यादीत तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, चेकबुकं, सगळं होतं. पगारपत्रकाच्या शीटचा पासवर्ड तेवढा राहिला. महागाई भत्त्याचा दर बदलायचा, तर तो सेल कुलूपबंद! फोन केला, त्यांनाही आठवेना.

शेवटी त्यांच्याच संमतीने पासवर्ड शोधणारा मॅक्रो चालवला. जुनं एक्सेल शीटचा पासवर्ड ठेवतच नसे. त्यातून काढलेला १६ बिटांचा आकडा तेवढा ठेवी. असे वेगळे आकडे फार तर ३२,७६८. काही मिनिटांत पडद्यावर ए आणि बी अक्षरांची माळ आणि शेवटी एक भलतंच चिन्ह उमटलं. असला पासवर्ड साहेबांनी जन्मात दिला नव्हता, पण आकडा तोच येत होता. शीट उघडली. मला त्याचं अजून नवल वाटतं.

२००७च्या एक्सेलपासून फाईल म्हणजे झिपचं गाठोडं झालं. शीटचं कुलूप आत एका ओळीत. २०१३मध्ये त्या पासवर्डसाठी एसएचए-५१२ ही भक्कम पद्धत आली, तरी ती ओळ खोडता येतेच. फाईल उघडण्याचा पासवर्ड वेगळा. तिथे सगळा मजकूरच सांकेतिक होतो. चांगला पासवर्ड विसरलात तर फाईल गेलीच.

२००५च्या त्या प्रसंगापासून चार्जच्या यादीत मी एक ओळ वाढवली: पासवर्डचं पाकीट, लाखेने बंद, तिजोरीत.