ट्रेनिंग लोड आणि रिकव्हरी म्हणजे काय? जिम्नॅस्टच्या उदाहरणातून समजून घेऊया

तुमच्या स्मार्टवॉचवर रोज सकाळी रिकव्हरी स्कोअर येत असेल. 80 दिसला की बरं वाटतं, 40 दिसला की आपण चहा घेतो आणि विसरून जातो. एलिट जिम्नॅस्टला ते परवडत नाही. शरीर थकलेलं असताना हवेत दोन कोलांट्या मारणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे हे गणित समजून घ्यायला जिम्नॅस्टिक्स हे चांगलं उदाहरण आहे.

लोड म्हणजे नेमकं काय?

लोडचे दोन प्रकार असतात. किती उड्या मारल्या, किती वेळा लँडिंग केलं, किती तास सराव झाला, हा झाला बाह्य लोड. त्याचा शरीरावर किती ताण पडला, हा आंतरिक लोड. दोघींनी सारख्याच उड्या मारल्या, तरी जिची झोप नीट झालेली नाही तिला त्या जास्त जड जातात.

डबल बॅक सॉमरसॉल्टच्या लँडिंगला पायांवर शरीराच्या वजनाच्या 10 पटींहून जास्त जोर येऊ शकतो. म्हणजे 45 किलोच्या मुलीसाठी क्षणभर 450 किलो! हाडं आणि लिगामेंट हा ताण सोसून मजबूत होतात, पण ती मजबुती सराव करताना येत नाही, नंतरच्या विश्रांतीत येते.

मग घड्याळ लावून मोजायचं का?

इथे गंमत आहे. अनइव्हन बार्सवर पूर्ण रूटीन केलं तरी स्टेप काउंट जवळपास शून्य! शिवाय हातात ग्रिप्स असतात आणि मनगट सतत वाकतं, त्यामुळे तिथे घड्याळ ठेवणं गैरसोयीचं आणि हार्ट रेटचं रीडिंगही भरवशाचं नाही. लँडिंग मोजायला कमरेवर किंवा नडगीवर छोटा मोशन सेन्सर लावता येतो.

पण सगळ्यात सोपी पद्धत कागदावरही चालते. तिचं नाव सेशन आरपीई. अमेरिकन संशोधक कार्ल फॉस्टर यांनी ती रुजवली. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, "0 ते 10 मध्ये आजचा सराव किती जड गेला?" तो आकडा गुणिले मिनिटं, झाला लोड. 180 मिनिटांचा सराव आणि उत्तर 6, तर लोड 1080.

फॉर्म्युल्यातली मेख

समजा चार आठवड्यांचा लोड 4000, 4200, 3800 आणि 6000 आहे. शेवटच्या आठवड्याला चारही आठवड्यांच्या सरासरीने (4500) भागलं, तर रेशो येतो 1.33. ऑस्ट्रेलियाचे संशोधक टिम गॅबेट यांनी 2016 मध्ये 0.8 ते 1.3 हा पट्टा तुलनेने सुरक्षित असल्याचं मांडलं होतं. म्हणजे आपण जेमतेम बाहेर.

पण नीट बघा. शेवटचा आठवडा सरासरीतही धरला आहे! फक्त आधीच्या तीन आठवड्यांची सरासरी घेतली तर ती 4000 येते आणि रेशो थेट 1.5. डेटा तोच, उत्तर वेगळं. शिवाय हा पट्टा मुख्यतः रग्बी, क्रिकेटसारख्या सांघिक खेळांच्या डेटावरून आला. या रेशोवर पुढे संशोधकांनी बरीच टीका केली. तेव्हा अचानक वाढ टाळायची, एवढा धडा घ्यायचा, 1.3 ला लक्ष्मणरेषा समजायचं नाही.

रिकव्हरी कशावरून कळते?

• एचआरव्ही: हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर काही मिलिसेकंदांनी बदलत असतं. तो बदल रोजच्यापेक्षा सलग काही दिवस कमी दिसला, तर शरीर ताणाखाली असू शकतं. तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी करायची, मैत्रिणीच्या नाही.
• झोप: दुरुस्तीचं बरंचसं काम इथेच होतं.
• खाणं: मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं तर हाडं कमजोर होतात, पाळी थांबू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला रेड-एस असं नाव दिलं. पाळी थांबणं हे "जोरदार ट्रेनिंग"चं लक्षण नाही, तो धोक्याचा इशारा आहे.

जे सेन्सरला दिसत नाही

टोकियो ऑलिम्पिकमध्ये (2021) सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच ट्विस्टऐवजी दीडच घेतला आणि सांघिक फायनलमधून माघार घेतली. हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळत नव्हतं. याला ट्विस्टीज म्हणतात. तिच्यावर टीकाही झाली. पण ती थांबली, सावरली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने तीन सुवर्णपदकं जिंकली.

आपली दीपा कर्माकर रिओमध्ये (2016) व्हॉल्टवर चौथी आली, कांस्य 0.150 गुणांनी हुकलं. 2017 मध्ये गुडघ्याच्या एसीएलची शस्त्रक्रिया झाली. जुलै 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये तिने व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. मधलं एक वर्ष स्कोअरबोर्डवर दिसत नाही, पण त्याशिवाय ते पदक नाही.

शेवटी एक गोष्ट. "6" सांगितलं तर टीममधून काढतील या भीतीने मुलगी "3" सांगू लागली, तर कितीही भारी ॲप असलं तरी आलेख खोटाच येणार. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, इनपुट चुकलं की आउटपुट चुकलंच. म्हणून दुखतंय हे न घाबरता सांगता येणं, हा रिकव्हरीचा पहिला सेन्सर. तुम्ही जिमला जात असाल तरी हेच लागू आहे. स्कोअर 80 आहे पण गुडघा दुखतोय? गुडघ्याचं ऐका.