निपुत्रिकांचीं मृत्युपत्रें

ज्याला ना सहचर ना संतति, त्याच्या मिळकतीची वाट काय, या प्रश्नास आमच्या जुन्या समाजानें दिलेलें उत्तर म्हणजे दत्तक. मृत्युपत्र ही वस्तु धर्मशास्त्रास परकीच. हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा झाला तो १८७० सालीं, आणि तोहि आमच्या इलाख्यांत मुंबई शहरापुरताच.

रोमन गृहस्थाची गोष्ट निराळी. मृत्युपत्र न करतां मरणें त्याला कमीपणाचें वाटे. पांच साक्षीदार, एक तराजू धरणारा आणि मिळकत नांवापुरती 'विकत घेणारा' एक मित्र, एवढ्यांच्या समोर मेणाच्या पाट्या हातीं धरून तो आपली अखेरची इच्छा जाहीर करी. घटस्फोटास तर न्यायाधीशाची गरजच नसे. आपल्याकडे अनेक जातींत चालत आलेल्या काडीमोडीइतकाच तो सोपा. त्यामुळें विभक्त आणि निपुत्रिक धनिकांची त्या शहरांत वाण नव्हती.

बादशहा ऑगस्टसला हें खपेना. ख्रिस्तपूर्व १८ सालीं व पुन्हा इ. स. ९ मध्यें त्यानें जे कायदे केले, त्यांनीं मृत्युपत्राच्या पाटीवरच हात घातला. अविवाहितास परक्याच्या मृत्युपत्रानें कांहीं मिळावयाचें नाहीं. विवाहित पण निपुत्रिक असेल त्यास निम्में. सोडून दिलेल्या निधीवर आधीं मृत्युपत्रांतल्याच मुलेंबाळें असलेल्या वारसांचा हक्क, ते नसतील तर सरकारी खजिन्याचा. घटस्फोट झालेल्या स्त्रीस पहिल्या कायद्यानें सहा महिन्यांची आणि दुसऱ्यानें दीड वर्षाची मुदत दिली. तेवढ्यांत तिनें पुनर्विवाह केला नाहीं तर ती अविवाहितांत जमा. गंमत अशी कीं, हा दुसरा कायदा ज्या दोन कॉन्सलांच्या नांवानें ओळखला जातो ते दोघेहि ब्रह्मचारी होते!

पण माझ्या मतें सर्वांत बोंचणारें कलम निराळेंच. स्त्रीला स्वतःचें मृत्युपत्र करावयाचें तर पालकाची संमति लागे. तीन मुलांच्या जन्मतः स्वतंत्र मातेस या जाचांतून सूट मिळाली. मूल नसलेल्या घटस्फोटितेस नाहीं. पैसा तिचा, शब्द मात्र दुसऱ्याच्या मान्यतेचा. पुढें ही संमति पुष्कळदां उपचारापुरती उरली हें खरें; तरी उपचारांतहि अपमान असतोच.

निपुत्रिकांभोंवतीं मग गिधाडें जमूं लागलीं. होरेसनें त्यांची टवाळी केली आहे. पेट्रोनियसनें एक संपूर्ण नगरच असें रंगविलें आहे कीं, तेथें मुलें असलेल्याला कोणी जेवावयासहि बोलावीत नाहीं. धाकट्या प्लिनीच्या पत्रांतील रेग्युलस तर अविस्मरणीय आहे. ऑरेलिया नांवाची एक प्रतिष्ठित बाई उंची वस्त्रें लेवून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब करावयास बसली असतां हा गृहस्थ म्हणाला, "हीं अंगावरचीं वस्त्रें मला ठेवा." तिला वाटलें, थट्टा आहे. पण त्यानें बंद पाट्या उघडावयास लावून आपलें नांव घालून घेतलें, आणि ती तसेंच लिहिते ना, हें वाकून पाहिलें. बाई पुढें जगली, हें प्लिनी समाधानानें नोंदवितो. खुद्द प्लिनीहि निपुत्रिकच. ट्राजन बादशहाच्या कृपेनें त्याला तीन मुलांच्या बापाचे हक्क मिळाले होते, आणि त्याच्या मृत्युपत्रांतून कोमो या त्याच्या गांवीं स्नानगृहें उभीं राहिलीं.

अविवाहितांवरचे हे दंड कॉन्स्टंटाइननें इ. स. ३२० त रद्द केले.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीस आपल्या मिळकतीचें मृत्युपत्र करण्याची पूर्ण मोकळीक दिली. कोणाच्या संमतीची जरूर ठेविली नाहीं. पण तें केलें नाहीं तर? २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एका निपुत्रिक विधवेचें प्रकरण आलें. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आंत पति वारला, सासरच्यांनीं तिला घराबाहेर काढलें, माहेरच्यांनीं शिकविलें. तिनें नोकरी केली, पैसा सांठविला आणि १९९६ त ती वारली. तिच्या आईनें त्या पैशावर हक्क सांगितला. न्यायालयानें सहानुभूति व्यक्त केली, परंतु कायद्याच्या क्रमांत पतीचे वारस आईच्या आधीं येत असल्यामुळें सारी मिळकत पतीच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. मृत्युपत्र तिनें केलें नव्हतें.