फुलसावंगीचं हेलिकॉप्टर: फिरणारं पातं का तुटतं आणि घरच्या वर्कशॉपमध्ये काय काळजी घ्यायची?

१० ऑगस्ट २०२१ ची रात्र. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी गावात एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरमध्ये बसला होता. चाचणी सुरू होती, पंखे फिरत होते. अचानक मागच्या पंख्याचं पातं तुटलं आणि वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं. मोठं पातं खाली आलं आणि त्या तरुणाच्या डोक्याला जबर मार बसला. त्यात त्याचा मृत्यू झाला.

त्याचं नाव शेख इस्माईल शेख इब्राहिम. वय अवघं २४ वर्षं, शिक्षण आठवीपर्यंत. हाताला मात्र वेल्डिंगची आणि पत्राकामाची चांगली सवय. भावाच्या दुकानात तो कपाटं आणि कूलर बनवायचा. तेच काम करता करता दोन वर्षं खपून त्याने एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं. त्याला मारुती ८०० चं इंजिन बसवलं आणि नाव दिलं 'मुन्ना हेलिकॉप्टर'. १५ ऑगस्टला ते लोकांसमोर आणायचं, असं त्याच्या मनात होतं. पाच दिवस उरले होते.

अपघाताचा व्हिडिओ पुढे मोबाईलवर खूप फिरला. कुणी हळहळलं, कुणी त्याला 'फुलसावंगीचा रँचो' म्हटलं, तर कुणी 'कशाला नसता उद्योग' असंही लिहिलं. पण पातं तुटतं म्हणजे नेमकं काय होतं आणि घरच्या वर्कशॉपमध्ये यंत्र बनवणाऱ्याने काय पाहायचं असतं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गॅरेजमध्ये अशी डोकी आणि असे हात आजही कामाला लागलेले आहेत. म्हणून ते समजून घेणं गरजेचं आहे.

हेलिकॉप्टरला मागचा पंखा कशासाठी?

इंजिन वरचा पंखा एका दिशेने फिरवतं, तेव्हा खालचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. जात्याचा खुंटा धरून जोर लावला की आपलं अंगही उलट बाजूला ढकललं जातं, तसाच हा प्रकार. सांगाड्याचं हे गरगरणं थांबवायला शेपटीवर छोटा पंखा लावलेला असतो. तो बाजूला हवा ढकलतो आणि तोंड सरळ ठेवतो.

हा पंखा आकाराने लहान असतो, पण त्याचा वेग प्रचंड असतो. रॉबिन्सन आर-२२ या छोट्या दोनआसनी हेलिकॉप्टरचा वरचा पंखा मिनिटाला साधारण ५०० फेरे घेतो, तर मागचा ३,००० च्याही वर. धोका सगळा या आकड्यात आहे.

१०० ग्रॅमचा तुकडा, ५०० किलोची ओढ

गोफण फिरवताना दोरीला ताण बसतो, हे शेतात राखण केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. दगड जितका जड आणि गोफण जितकी लांब, तितका ताण जास्त. पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो वेगाने. वेग दुप्पट केला की ताण चौपट होतो आणि तिप्पट केला की नऊपट.

आता पंख्याचं गणित पाहू. मध्यापासून अर्धा मीटर अंतरावर १०० ग्रॅम वजनाचा एक तुकडा आहे आणि पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेतोय. त्या तुकड्याला बाहेर खेचणारं बल होतं सुमारे ५०० किलो वजनाइतकं. म्हणजे पावशेराहूनही हलका लोखंडाचा तुकडा आपल्या जोडाला पाच क्विंटलच्या जोराने ओढत असतो. पात्याचं पूरं वजन धरलं तर हा आकडा आणखी वाढतो.

तोल चुकला तरी हेच. समोरासमोरच्या दोन पात्यांमध्ये फक्त १० ग्रॅमचा फरक राहिला, तर त्याच वेगाला पंख्याच्या दांड्यावर ५० किलोचा धक्का बसतो, तोही सेकंदाला ५० वेळा. हाताला पंखा नुसता थरथरतोय असं वाटतं. प्रत्यक्षात सगळा सांगाडा ठोकला जात असतो.

धातू थकतो म्हणजे काय?

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण त्याच जागी मागे-पुढे वाकवत राहिलं की दहा-वीस वेळांत तुकडा हातात येतो. ओढून तुटली नसती अशी तार वारंवार वाकवल्याने तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा पंखा तासाभरात १,८०,००० फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्याला जोडाला थोडा ताण बसतो आणि थोडा सुटतो. बारीकशी चीर असेल, तर ती प्रत्येक फेऱ्याला केसभर पुढे सरकते. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. मग एका क्षणी उरलेला धातू भार पेलत नाही आणि पातं सुटतं.

अशा चिरा बहुतेक वेळा सुरू होतात त्या तीन जागी: वेल्डिंगच्या कडेला, ड्रिलच्या भोकापाशी आणि जिथे जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या लोखंडाचा गुण बदलतो आणि थंड होताना पट्टी ओढली जाऊन वाकते. कपाटाच्या चौकटीत याने काही बिघडत नाही, कारण कपाट फिरत नाही. कपाटासाठी पुरेसं असलेलं वेल्डिंग पंख्यासाठी पुरेसं असेलच असं नाही.

वेल्डिंग जोडतं, मशीन सरळ करतं

गावातल्या बहुतेक दुकानांत वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल एवढंच असतं. यातून वस्तू जोडता येते. पण दोन पृष्ठं एकमेकांना बरोबर समांतर, दांडा पायाला बरोबर काटकोनात आणि दोन बेअरिंग एका रेषेत, ही अचूकता यातून मिळणं अवघड. त्यासाठी धातू कापणारी यंत्रं लागतात. गोल कामाला लेथ आणि सपाट कामाला शेपर.

शेपर हे आयटीआयच्या प्रत्येक फिटर-टर्नरने पाहिलेलं यंत्र. इंग्लंडमधल्या जेम्स नॅस्मिथ यांनी १८३६ मध्ये ते बनवलं. कारखान्यांत आता त्याची जागा मिलिंग आणि सीएनसीने घेतली आहे. त्यामुळे जुनी शेपर मशीन भंगाराच्या भावात मिळून जातात. पंजाबातलं बटाला गाव तर शेपरसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

त्याचं काम सुताराच्या रंध्यासारखं. पुढे जाताना हत्यार धातूची एक पट्टी कापतं, मागे येताना मोकळं येतं. मागे येण्याचा वेग पुढे जाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणजे वेळ वाया जात नाही. परतताना हत्यार धातूवर घासू नये म्हणून ते बिजागरीवर किंचित उचललं जातं. हत्यारही साधं, एका धारेचं. धार गेली की ग्राइंडरवर पुन्हा लावता येते. मिलिंग कटरसारखा खर्च नाही. काम हळू होतं, पण घरच्या माणसाला घाई कुठे असते?

शेपर संथ दिसतं म्हणून गाफील राहायचं नाही. त्याचा दांडा पुढे येतो तसाच मागेही बाहेर जातो, म्हणून मागची जागा मोकळी हवी. समोर उभं राहू नये, गरम चिप्स तिकडेच उडतात. आणि मशीन चालू असताना मोजमाप घ्यायला हात घालू नये.

शिकायचं कशावर? ओतीव किटवर

परदेशात घरी यंत्रकाम शिकणारे हौशी लोक ओतीव भागांचं किट घेतात. इंग्लंडमधल्या स्टुअर्ट कंपनीची छोट्या वाफेच्या इंजिनांची किट शंभराहून जास्त वर्षं प्रसिद्ध आहेत. डब्यात बीडाचे आणि पितळेचे ओबडधोबड भाग, काही सळ्या आणि एक नकाशा असतो. बाकी सगळं आपण कापायचं, भोकं पाडायची, जुळवायचं. '१० व्ही' या त्यांच्या गाजलेल्या इंजिनाचं सिलिंडर फक्त पाऊण इंची आहे. इंजिन टेबलावर मावतं आणि कॉम्प्रेसरच्या हवेवरही चालतं.

असा भाग शेपरवर घेतला की शिक्षण सुरू होतं. बीडाच्या ओतीव भागाची वरची कातडी टणक असते आणि तिच्यात वाळूचे कण अडकलेले असतात. पहिला घाव वरवर घेतला तर हत्याराची धार त्या कातडीवरच जाते. म्हणून पहिला घाव कातडीच्या खाली जाईल इतका खोल घ्यायचा असतो. आधी एक बाजू सपाट करायची आणि पुढची सगळी मापं त्याच बाजूवरून घ्यायची. गुण्या लावून काटकोन तपासायचा. कधी अर्धं काम झाल्यावर आत पोकळी सापडते. ओतताना अडकलेल्या हवेची ती जागा बाहेरून दिसलेली नसते. धातू वरून चांगला दिसला तरी आतून चांगला असेलच असं नाही, हे त्या दिवशी कायमचं कळतं.

किट विकत घेणं जमत नसेल तरी वाट आहे. अमेरिकेतल्या डेव्ह जिंजरी यांनी भंगारातलं ॲल्युमिनियम कोळशाच्या भट्टीत वितळवून, घरीच ओतून, आधी लेथ आणि मग शेपर कसं बनवायचं यावर पुस्तकांची मालिकाच लिहिली. आपल्याकडे कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात लाकडी साचा दिला तर एखाद-दुसरा भागही ओतून मिळू शकतो. आणि टेबलावरचं छोटं इंजिन बिघडलं तर नुकसान होतं ते धातूचं आणि चार दिवसांच्या मेहनतीचं.

फिरणाऱ्या यंत्राची चाचणी कशी घ्यायची?

यंत्र बनवणं हे एक काम आणि ते तपासणं हे दुसरं. दुसऱ्या कामाचा क्रम साधारण असा असतो.

१. तोल: पंखा दांड्यासकट दोन गुळगुळीत, समपातळीतल्या कडांवर ठेवायचा. एकच बाजू पुन्हा पुन्हा खाली येत असेल तर ती जड आहे.

२. चिरा: जोडावर लाल डायचा स्प्रे मारून, थोड्या वेळाने पुसून, वर पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर लाल रेघ उमटते. हे स्प्रेचे डबे इंडस्ट्रियल साहित्याच्या दुकानात मिळतात.

३. माणसाशिवाय चाचणी: पहिल्यांदा पंखा फिरवताना यंत्रात कुणीही बसायचं नाही. सांगाडा जमिनीला घट्ट बांधायचा, ॲक्सिलेटर लांबून केबलने ओढायचा आणि मध्ये वाळूच्या पोत्यांचा आडोसा ठेवायचा.

४. पंख्याची रेषा: पातं तुटलं तर ते पंखा ज्या पातळीत फिरतो त्याच पातळीत सुटतं. त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, बघे तर नाहीच.

५. वेग टप्प्याटप्प्याने: थोडा वेग, मग बंद, मग पुन्हा तपासणी. थरथर वाढली की तिथेच थांबायचं.

६. तारीख ठरवायची नाही: सणाच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवसाला चाचणी बांधली की तपासण्या राहून जातात.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या 'ध्रुव' हेलिकॉप्टरचं काम १९८४ मध्ये सुरू झालं आणि पहिलं उड्डाण १९९२ मध्ये झालं. हेलिकॉप्टरच्या इतिहासातलं मोठं नाव असलेल्या इगोर सिकोर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ ला आपलं व्हीएस-३०० पहिल्यांदा उचललं, तेव्हा ते जमिनीला तारांनी बांधलेलं होतं.

परवानगी आणि मदत

माणूस घेऊन उडणाऱ्या कोणत्याही यंत्राला भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची नोंदणी आणि परवानगी लागते. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बनवलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि चाचणी उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये आला. वाट लांब होती, पण त्या वाटेवर दुसऱ्या कुणाची तरी नजर आपल्या कामावर पडते, हा तिचा खरा फायदा.

अशी दुसरी नजर गावाजवळही मिळू शकते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये लेथ असतो आणि शिकवणारे निदेशक असतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. 'हातांनी शिका' हाच तिथला पाया आणि तिथे फॅब लॅबही आहे. छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे.

आठवी शिकलेल्या मुलाने गावातल्या दुकानात बसून हेलिकॉप्टर उभं केलं, ही गोष्ट लहान नाही. पुढच्या वेळी गावात कुणी असं काही बनवत असेल, तर त्याचा व्हिडिओ काढण्याआधी दोन प्रश्न त्याला जरूर विचारावेत: तोल तपासला का? आणि पहिल्यांदा सुरू करताना आत कोण बसणार आहे?