तुर्भ्याचा एक अहवाल : पुनर्वाचन

येडशीला रामलिंगाच्या देवळापाशी पावसाळ्यात धबधबा कोसळतो. दुष्काळ अनुभवलेल्या या मुलखात पाण्याचे मोल कुणाला सांगावे लागत नाही. त्याच पाण्यात, सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक, असा ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन असतो. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी भाकीत केले, की दोन दशकांत अणुकेंद्रांच्या संमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल आणि सागरातला जड हायड्रोजन हेच तिचे अक्षय इंधन ठरेल.

ते भाकीत खरे ठरले नाही. कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणे हा या संशोधनाचा राजमार्ग. गांधीनगरजवळचे 'आदित्य' हे टोकामॅक यंत्र १९८९ मध्ये त्याच वाटेवर सुरू झाले. नेमक्या त्याच वर्षी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने एक आडवाट धरली. २३ मार्च रोजी अमेरिकेतील युटा येथे फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जड पाण्यात पॅलॅडियमचा विद्युत्‌अग्र ठेवून, साध्या तापमानालाच संमीलन घडल्याचा दावा केला होता. तुर्भ्यात जड पाणी होते, न्यूट्रॉन मोजण्याचा दीर्घ अनुभव होता. एप्रिल ते सप्टेंबरमधील प्रयोगांचा अहवाल पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या संपादनाखाली डिसेंबरमध्ये निघाला.

साहित्याच्या अभ्यासकांनी तो एक संहिता म्हणून वाचावा, असे आम्हांस वाटते. तापलेल्या प्लाझ्मात ड्युटेरियमच्या संमीलनातून न्यूट्रॉन आणि ट्रिटियम जवळजवळ सारख्याच संख्येने निर्माण होतात. तुर्भ्याच्या नोंदींत मात्र ट्रिटियम न्यूट्रॉनांच्या सुमारे एक कोटी पट भरले. अहवालाने हे प्रमाण दडवले नाही, उलट ठळकपणे मांडले. लेखकांना त्यात नव्या घटनेची चाहूल दिसली. टीकाकारांना मोजणीतल्या चुकीची शंका आली. एकाच आकड्याची ही दोन वाचने होती. इतरत्र प्रयोगांची खात्रीलायक पुनरावृत्ती होईना, आणि विज्ञानजगताने बहुमताने दुसरे वाचन स्वीकारले.

आम्हीही ते स्वीकारतो. तरीही या अहवालाविषयीचा आदर उरतोच. आपल्या दाव्याविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा त्याने स्वतःच जपून ठेवला आहे. संमीलनाच्या विजेवर आजही कुठल्याच गावात दिवा लागलेला नाही. अशा शास्त्राचा इतिहास केवळ राजमार्गांचा लिहिला, तर तो अपुराच राहील.